कोपऱ्यातला फुगा

१

नळदुर्गात रेवणसिद्ध आप्पांना ओळखत नाही असा माणूस मिळणं अवघड. पण आप्पा जन्मभर करत काय होते ते विचारा. निम्मे लोक सांगतील मास्तर होते, निम्मे सांगतील पुण्याला छापखान्यात होते. आप्पा चित्रकथा लिहायचे. मुलांच्या मासिकात चौकटी पाडून चित्रांतून सांगितलेली गोष्ट असते ना, तीच. चित्रं दुसरा कुणी काढायचा, चौकटीतली माणसं काय बोलतात ते आप्पा ठरवायचे. त्यांचा जासूस जंबुराव एके काळी पार नागपूरपर्यंतची पोरं वाचायची. मग मासिक बंद पडलं, दुसरं निघालं तेही बंद पडलं, आणि जंबुराव कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसला तो बसलाच.

आता सकाळची पूजा आणि चहा झाला की आप्पा पडवीतल्या टेबलाशी बसून फोन लावायचे. पुण्याचे प्रकाशक, दिवाळी अंकवाले, औषध कंपन्यांची माहितीपत्रकं छापणारे, कुणी म्हणून सोडलं नव्हतं. काही फुटकळ काम असेल तर सांगा, एवढंच मागणं. पलीकडची पोरं अदबीनं बोलायची. कुणी नमुना मागायचं, कुणी विचारायचं तुम्ही इन्स्टाग्रामवर आहात का. एकानं तर सरळ सांगून टाकलं की काका, असलं लिखाण आता संगणकच करून देतो. आप्पा बरं बरं म्हणायचे आणि फोन ठेवून हायवेवरचे ट्रक बघत बसायचे.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. गिळता येत नव्हतं ते मधल्या खोलीतलं हसणं.

आप्पांची बायको शिवलीला. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली होती. उजेड कुठला, सावली कुठली, एवढंच कळायचं. कान मात्र असे तिखट की गल्लीत कोण आलं ते चपलेवरून सांगायची. लग्न झालं तेव्हापासून आप्पांची एकेक गोष्ट आधी तिच्या कानावर पडायची. आप्पा सगळ्यांचे आवाज काढून वाचायचे आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची, "असं कुणी बोलतंय व्हय?" की आप्पा गुमान ते वाक्य खोडायचे. आवडलं तर हसायची. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या हसण्यासाठीच या माणसानं एवढी वर्षं लिहिलं, असं म्हटलं तरी खोटं ठरणार नाही.

आणि आता ती हसायची रणधीरच्या गोष्टींना. हा रणधीर परंड्याचा. याच पडवीत, याच टेबलाशी आप्पांच्या हाताखाली शिकला आणि पुण्याला जाऊन मोठा झाला. फोनवर बोलत्या चित्रकथा निघाल्यात, त्यात चित्रं सरकत जातात आणि रणधीर स्वतः सगळ्यांचे आवाज काढून गोष्ट वाचतो. आवाज काढायची विद्या कुणाची, सांगायला नकोच. दुपारची जेवणं झाली की शिवलीला उशाशी फोन घेऊन पडायची आणि थोड्या वेळानं तिचं ते हसू पडवीत यायचं. आप्पांचा नुसता तिळपापड व्हायचा.

"आज लई मजा आणली बघा रणधीरनं," ती म्हणायची. "अगदी तुमच्यावानीच वाचतो."

तिला वाटायचं, नवरा हे ऐकून खूश होईल.

२

त्या उन्हाळ्यात एक दिवस फोन आला तो स्वतःहून. समृद्धी म्हणून एक मुलगी बोलत होती, त्याच बोलत्या चित्रकथावाल्यांकडची. जुने अंक चाळताना तुमचं नाव दिसलं सर, म्हणाली. आमच्याकडं एक मालिका आहे, तिची चित्रं तयार होऊन येतात, फक्त संवाद लिहून हवेत. कराल का?

आप्पांनी हो म्हणायला जरा वेळ लावला. लगेच हो म्हटलं की माणूस रिकामा आहे हे कळतं. मग सहज विचारावं तसं विचारलं, आधी कोण करत होतं?

"रणधीर सर," समृद्धी म्हणाली. "पण शेवटी शेवटी ते काही फुगे रिकामेच पाठवायला लागले. आम्हाला रिकामा फुगा चालत नाही."

बोललेले शब्द ज्यात लिहितात तो गोल म्हणजे फुगा. त्याला एक शेपटी असते. शेपटी ज्याच्या तोंडाकडं, तो बोलणार. फुगा रिकामा सोडणं म्हणजे हलवायानं पेढ्याचा नुसताच पुडा गिऱ्हाइकाच्या हातात देणं. रणधीरला फुगे भरता येईनात! आप्पांना इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर त्यांनी शिवलीलाला हाक मारून गूळ मागितला.

पानं संगणकावरून आली. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आप्पांनी ती कागदावर काढून आणली आणि पडवीत पसरली. चित्रं सुरेख होती. गोष्ट साधी: एक छोटं घर, एक नवरा, एक बायको, त्यांचं घरातलं बोलणं. चित्रकाराचं नाव कुठं नव्हतं. एवढा कसलेला हात कुणाचा, हे आप्पांना ओळखता येईना, आणि या धंद्यात त्यांना ओळखता येत नव्हते असे हात फार थोडे होते.

पहिलं पान बघून होत आलं तेव्हा त्यांना तो दिसला. शेवटच्या चौकटीत बायको स्वयंपाकघरात उभी, फळीवर काहीतरी चाचपडतेय. नवरा लांब बाहेरच्या खोलीत, पेपरात तोंड घालून. बायकोच्या तोंडाशी एक फुगा आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक, लहानसा. त्याची शेपटी ना बायकोकडं, ना नवऱ्याकडं. ती चौकटीच्या बाहेर गेली होती.

बाहेरून कुणीतरी बोलतं तेव्हा असा फुगा काढतात, त्यात नवल नाही. शेजारीण हाक मारते, दूधवाला ओरडतो. पण मग पुढच्या चौकटीत ती शेजारीण दिसावी लागते. आप्पांनी सगळी पानं उलटून बघितली. प्रत्येक पानाच्या शेवटी तोच कोपरा, तोच फुगा, आणि बोलणारा कुठंच काढलेला नव्हता.

३

आप्पांचा एक जुना नेम होता. फुग्यातलं वाक्य आधी पेन्सिलीनं लिहायचं, मग त्या माणसाचा आवाज काढून मोठ्यानं म्हणायचं. तोंडात नीट बसलं तरच पेननं गिरवायचं. मोठ्यानं बोलल्याशिवाय फुगा पक्का झाला असं ते धरायचेच नाहीत. जंबुरावासाठी खर्जातला आवाज, चोरासाठी नाकातला, म्हातारीसाठी घशात अडकलेला. लोक रस्त्यानं जाताना थबकायचे. आप्पांच्या घरी भांडण चाललंय असं नव्या माणसाला वाटायचं.

नवऱ्याचे आणि बायकोचे फुगे भराभर झाले. कोपऱ्यातला राहिला.

तेवढ्यात फोनवर निरोप आला, रणधीरचा. हा पोरगा कधी लिहून निरोप पाठवायचा नाही, बोलायला तोंड दिलंय की देवानं, असं म्हणून फोनच करायचा. आज मात्र लिहिलं होतं: "आप्पा, तुम्ही ते काम घेतल्याचं कळलं. कोपऱ्यातला फुगा रिकामा ठेवा. पाया पडतो."

आप्पा ते वाचून हसले. दुखलं ना पोटात, म्हणाले. स्वतःला जमलं नाही, आता गुरूनं जमवू नये म्हणून पाया पडतोय. सरळ तोंडावर विचारावं म्हणून त्यांनी फोन लावला.

रणधीरनं लगेच उचलला. आवाज नेहमीसारखा खणखणीत, हसरा.

"लिहा की आप्पा," तो म्हणाला. "बिनधास्त लिहा. तुमच्यावानी कुणाला जमतंय?"

आणि फोन बंद झाला. निरोपात एक लिहितो आणि तोंडानं दुसरंच बोलतो. पुण्याच्या पाण्यानं पोरगं पार बिघडलं, असं ठरवून आप्पांनी पेन्सिल उचलली.

बायकोच्या फुग्यात त्यांनी आधीच लिहिलं होतं, "मीठ कुठं गेलं?" आता बाहेरच्यानं काय म्हणावं? फार विचार करावा लागला नाही. त्यांनी लिहिलं, "हिकडं बघ, तुझ्या डाव्या हाताला." साधं वाक्य, पण घरातलं होतं, ऊब होती त्याला.

अडचण आली ती आवाजाची. चेहरा काढलेला असेल तर आवाज सापडतो. इथं वय कळेना, जात कळेना, माणूस जाडा की वाळका तेही कळेना. शेवटी आप्पांनी आपला स्वतःचा आवाज घेतला. उभ्या हयातीत त्यांनी कुठल्याच पात्राला तो दिला नव्हता.

"हिकडं बघ, तुझ्या डाव्या हाताला," आप्पा मोठ्यानं म्हणाले. वाक्य तोंडात झकास बसलं. डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर क्षणभर थांबल्यासारखी वाटली. लाईट कमीजास्त झाली असेल, असं म्हणून त्यांनी पेननं गिरवायला घेतलं.

४

समृद्धीला काम फार आवडलं. पानं फोनवर लागली, खाली आप्पांचं लेखनातलं नाव आलं, रेवण नळदुर्गकर. किती वर्षांनी! आप्पांनी ते नाव किराणा दुकानातल्या महालिंगप्पालासुद्धा दाखवलं. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि छान आहे म्हणून साखर मोजायला घेतली.

त्यानंतरची एक दुपार. आप्पा पडवीत पुढची पानं घेऊन बसले होते. आत शिवलीला कढीला फोडणी घालत होती. डबे सरकवल्याचा आवाज आला, मग तिची हाक: "अहो, मीठ कुठं ठेवलंय?"

ही रोजचीच गोष्ट होती. डोळे गेल्यापासून ती दिवसभर असं विचारायची, आणि खोटं कशाला बोला, आप्पा कामात असले की दोन हाकांना ओ द्यायचे नाहीत. तिसऱ्या हाकेला चिडून काहीतरी सांगायचे. आजही ते गप्पच बसले.

थोड्या वेळानं आतून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. जेवताना शिवलीला म्हणाली, "बरं झालं पहिल्या हाकेलाच बोललात. न्हायतर मी मिरच्यांचा डबा उघडत हुते."

"मी कुठं बोललो?"

"मग कोण बोललं? डाव्या हाताला बघ म्हणून?" ती हसली. "लई दिसांनी इतकं गोड बोललात."

आप्पांचा घास हातात राहिला. मग त्यांनी मनाशी हिशेब लावला. वाक्य लिहिताना आपण मोठ्यानं म्हणतो, ते हिच्या कानात बसलं असेल. मीठ शोधताना आठवलं असेल. आंधळ्या माणसाला कानातलं आणि मनातलं वेगळं काढता येत नाही. हे पटण्यासारखं होतं आणि आप्पांनी स्वतःला ते पटवलं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. "ऊन लई आहे, खिडकी लावून घे." "दमलीस, बस जरा." "आज तुझी आमटी अशी झालीय की भाकरी पुरायची न्हाय." ही सगळी कोपऱ्यातल्या फुग्यातली वाक्यं, आप्पांनी मोठ्यानं म्हणून पक्की केलेली. एकेक करून ती घरात ऐकू आल्याचं शिवलीला सांगायला लागली. सांगताना तिच्या चेहऱ्यावर नवी नवरी असतानाचं काहीतरी यायचं. आप्पांनी तसलं काही तिला कधी म्हटलं नव्हतं. सुचत नव्हतं असं नाही. सुचलेलं सगळं कागदावर जायचं.

एकदा आप्पांनी स्वतः ऐकलं. ते न्हाणीघरात पाय धूत होते. मधल्या खोलीतून आवाज आला, "सरक जरा, पंख्याखाली बस." शिवलीला बरं म्हणाली. चटई ओढल्याचा आवाज झाला.

आवाज आप्पांचाच होता. टेपवर आपला आवाज ऐकला की परका वाटतो ना, तसा परका नव्हता. आतून ऐकू येतो तसाच्या तसा होता. आप्पा ओल्या पायांनी धावत आले. खोलीत शिवलीला एकटी पंख्याखाली बसली होती. दार उघडं होतं, दाराचं फळकूट भिंतीला टेकायला हवं तेवढं टेकलेलं नव्हतं.

५

याच सुमाराला आप्पांचा घसा बसायला लागला. आधी वाटलं, उन्हाळा आहे, माठाचं पाणी बाधलं. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग उमरग्याला जाऊन डॉक्टरला दाखवलं. त्यानं आत नळी घालून बघितलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. आवाज का निघत नाही ते त्यालाही सांगता येईना. बोलणं कमी करा, म्हणाला. एसटीत शेजारच्यानं कुठं उतरणार म्हणून विचारलं तर आप्पांना बोटानं खूण करावी लागली.

घरी आले तर शिवलीला मजेत होती. तिला घसा बसल्याचं काही वाटतच नव्हतं.

"कुठं बसलाय?" ती म्हणाली. "सकाळीच तर मला जंबुरावाची गोष्ट सांगितलीत."

सकाळी आप्पा उमरग्याच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून होते.

आता सांगा, अशा वेळी माणसाला काय वाटावं? भीती. आप्पांनाही भीती वाटली, नाही असं नाही. पण तिच्या आधी, तिला कोपरानं बाजूला सारून, दुसरंच काहीतरी वर आलं. ते त्यांना चांगलं ओळखीचं होतं. रणधीरच्या गोष्टींना ती हसली की रोज दुपारी उठायचं तेच. जंबुरावाची गोष्ट? माझ्या जंबुरावाची? आणि ही हसली? किती हसली? पदर लावून हसली का? आप्पांना विचारायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली.

त्यांनी फोन उघडून रणधीरला लिहिलं: "तूच फोनवर म्हणालास लिहा म्हणून."

उत्तर यायला वेळ लागला नाही. "आप्पा, मी फोन उचलला नव्हता. मला चैत्रापासून बोलता येत नाही."

आप्पांनी लिहिलं, "मग तुझ्या नव्या गोष्टी रोज येतात त्या?"

"त्या मी वाचत नाही," रणधीरनं लिहिलं. मग बऱ्याच वेळानं आणखी एक ओळ आली. "घरात सगळे खूश आहेत."

६

आप्पांनी फुगे रिकामे सोडायला सुरुवात केली. कोपऱ्याकडं बघायचंच नाही, बाकीचे भरायचे आणि पाठवून द्यायचं. काम गेलं तर जाऊ दे, असं ठरवलं; नाव पुन्हा पेटीत जाणार होतं, तरीही. समृद्धीचा बोलता निरोप आला. आप्पांना वाटलं, आता काम काढून घेतेय. पण ती खुशीत होती. सर, वाचनाचा आवाज तुम्ही स्वतःच पाठवलात ते फार छान केलंत, म्हणाली, कोपऱ्यातली वाक्यं तर लिहिण्यापेक्षा ऐकायलाच भारी वाटतात.

आप्पांनी कसलाच आवाज पाठवला नव्हता. पाठवणार कुठून?

घरात तो आवाज आता लिहून दिलेल्यावर थांबत नव्हता. स्वतःचं बोलत होता. आप्पा पडवीत बसून ऐकायचे. आणि सगळ्यात वाईट काय असेल तर तो चांगला बोलत होता. जंबुराव एका लग्नात चोर पकडायला जातो आणि आहेर देऊन परत येतो, अशी काहीतरी गोष्ट त्यानं रचली होती. आप्पांना असली गोष्ट सुचून कितीतरी वर्षं झाली होती. एका वाक्याला तर आप्पांचा हात आपोआप पेन्सिलीकडं गेला.

एका दुपारी त्यांनी मनाशी म्हटलं, हा फोन असणार. त्या फोनवाल्यांनी काहीतरी यंत्र बसवलंय, आपला आवाज चोरलाय, हिच्या उशाशी तेच वाजतंय. आतून हसण्याचा आवाज आला तसे ते उठले. टेबलाला हात लागला. शिवलीलाचा फोन टेबलावर होता, चार्जिंगला लावलेला, बंद.

आप्पा मधल्या खोलीच्या दाराशी गेले. शिवलीला भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती, मांडीवर सूप. तिचं तोंड दाराच्या फळकुटाकडं होतं. त्याच्यामागं आणि कपाटाच्या अलीकडं एक कोपरा होता, दारातून न दिसणारा. बोलणं तिथून येत होतं.

आप्पांनी दार मागं ढकललं. ते भिंतीपर्यंत गेलं नाही. मध्येच थांबलं, मऊ काहीतरी असल्यासारखं. बोलणंही थांबलं.

"कोण?" शिवलीला म्हणाली. "तुमी का? दारात का आलात, बसा की तितंच."

आप्पा खाली बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. आपल्या घशावर ठेवले. तोंड उघडून, शिरा ताणून बोलायचा प्रयत्न केला. तिच्या बोटांना तो धडपडणारा घसा लागला असणारच, कारण तिचा चेहरा बदलला. ती घाबरत होती. अजून थोडं, एवढंसं, आणि तिला कळलं असतं.

"मांजराचं पिल्लू गिळलंय," दारामागून आप्पांचा आवाज म्हणाला, थेट आप्पांच्या तोंडातून निघाल्यासारखा. "बाहेर काढ गं बाई."

शिवलीलाला हसू फुटलं. तिनं हात सोडवून घेतले आणि आप्पांच्या गालावर एक हलकी चापट मारली. आप्पांनी वर बघितलं. दाराच्या कडेवर चार बोटं होती. म्हातारी, सुरकुतलेली. मधल्या बोटाला पेन्सिल धरून धरून पडतो तसला घट्टा होता.

आप्पा मागं सरकत सरकत पडवीत आले. बाकीचं बघायला ते थांबले नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी पानं आली. एकच पान होतं आणि त्यावर एकच मोठी चौकट. झेरॉक्सवाल्यानं ते हातात देताना म्हटलं, "आप्पा, ही तुमची पडवी की." खरंच होती. टेबल, वरचा पंखा, समोर हायवे, खुर्चीत बसलेला म्हातारा. म्हाताऱ्याच्या तोंडाशी फुगा नव्हता. पानभर एकच फुगा होता, कोपऱ्यात, आणि त्याची शेपटी चौकटीबाहेर, घराच्या आत गेली होती.

आप्पांनी ते पान टेबलावर ठेवलं. आत गोष्ट चालू होती. शिवलीला मध्येच म्हणाली, "असं कुणी बोलतंय व्हय?" आणि तो निमूट थांबला, वाक्य बदलून पुन्हा बोलला. आप्पांच्या काळजाला घरं पडली. तेवढं तरी माझं होतं, असं त्यांना वाटलं.

तिला लिहून दाखवावं तर वाचणार कशी? शेजाऱ्याला बोलवावं तर लिहून सांगायचं काय, की बायको माझ्याशी बोलतेय पण तो मी नाही? लोक हसतील. आणि आतला आवाज त्यांना गोड बोलून चहा पाजून परत लावून देईल.

मग आप्पांना एक गोष्ट सुचली. चाळीसेक वर्षं धंद्यात काढलेल्या माणसालाच सुचावी अशी. आवाज आता मनचं बोलत होता खरा, पण फुग्यात लिहिलेलं एकही वाक्य त्यानं आजवर चुकवलं नव्हतं. ते तो बोलायचाच, अक्षर न अक्षर. मग त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. तिच्या कानांवर आप्पांचा भरवसा होता. या घरात खोटं वाक्य तिच्या कानातून कधी सुटलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. फुगा लहान होता, पाल्हाळाला जागा नव्हती. आप्पांनी कोपऱ्यात वाकून, नीट गोल अक्षरात लिहिलं: "शिवलीला, हा मी न्हाय. मी भाईर बसलोय."

आणि सवयीनं ते मोठ्यानं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

आतली गोष्ट थांबली. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत घरात काहीच हललं नाही. आप्पा खुर्चीची कड धरून बसले होते.

"शिवलीला," आतला आवाज म्हणाला. अगदी लिहिलं होतं तसं. खोटेपणा नव्हता त्यात, खोडी नव्हती. आप्पांनी स्वतः म्हटलं असतं तर इतकं खरं म्हणता आलं नसतं. "हा मी न्हाय. मी भाईर बसलोय."

 सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

आणि शिवलीला हसली. आधी दबून, मग न राहवून, मग पदर तोंडाला लावून, मागं भिंतीवर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. इतकं ती जंबुरावालाही कधी हसली नव्हती. "पुन्हा म्हणा," ती म्हणत होती, "अहो, तेवढंच पुन्हा म्हणा की."